ऑलस्पाइसला फुलं येतात, मग फळं का धरत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात वर्षांपूर्वी कोकणातून परतताना एका नर्सरीतून ‘ऑल स्पाइस’चं रोप आणलं. कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या घराच्या परसात ते आता बारा-तेरा फूट झालंय. दोन वर्षं झाली, फुलं भरपूर येतात पण फळ एकही धरत नाही. पानं बिर्याणीत घातली तर बिर्याणी कडवट झाली. आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला थोडी जमीन आहे, तिथं अशी पन्नास झाडं लावावीत का?

मसाल्याच्या झाडांची रोपं करण्यात माझं आयुष्य गेलं. ऑलस्पाइसबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

फळांचं बोलण्याआधी झाड तपासा. आपल्याकडे ‘ऑल स्पाइस’ या पाटीखाली दोन वेगळी झाडं विकली जातात. एक खरं ऑलस्पाइस, म्हणजे पिमेंटा डायोइका. दुसरं त्याचं भावंड, पिमेंटा रेसिमोसा. या दुसऱ्याच्या पानांपासून वेस्ट इंडीजमध्ये केसांना आणि दाढीनंतर गालाला लावायचं ‘बे रम’ बनवतात. दोन्हींच्या पानांना वास येतो, दोन्ही दिसायला देखणी, आणि रोपावस्थेत विकणाऱ्यालाही फरक कळत नाही. मोठ्या झाडात मात्र कळतो. रेसिमोसाचं पान जाड, कडक, टोकाशी गोलसर आणि रुंद असतं. डायोइकाचं पान त्यामानाने पातळ आणि लांबट. त्याची साल फिकट राखाडी असते आणि पेरूसारखे तिचे पातळ पापुद्रे सुटतात. हे सगळं करूनही शंका उरली तर फुलाकडे पाहा. खऱ्या ऑलस्पाइसच्या फुलाला चार पाकळ्या आणि देठाच्या बाजूला चार निदलं, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या पाकळ्या, असतात, रेसिमोसाला पाच. तुमच्याकडे फुलं येतात म्हणजे हे काम पाच मिनिटांचं आहे. पान चुरडल्यावर लिंबासारखा वास आला तर ते नक्कीच दुसरं झाड, आणि त्याच्या फळांची वाट बघण्यात अर्थ नाही. खऱ्याच्या पानाला लवंगेचा वास पुढे येतो आणि मागून दालचिनी-जायफळाची झाक जाणवते.

चार पाकळ्या निघाल्या असं धरून पुढे जाऊ.

हे झाड लवंग, जांभूळ, पेरू आणि निलगिरीच्या कुळातलं. मूळ जमैका, क्युबा, दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला या पट्ट्यातलं. कोलंबस 1494 साली जमैकाला पोचला. मिऱ्याच्या शोधात निघालेल्या त्या स्पॅनिश मंडळींनी या झाडाच्या वाळलेल्या तपकिरी फळांनाही मिऱ्याचंच स्पॅनिश नाव दिलं, आणि तिथे आजही याला पिमेंटोच म्हणतात. आजही उत्तम फळ जमैकाचंच मानलं जातं.

आता तुमच्या झाडाची खरी गोष्ट. ऑलस्पाइसच्या प्रत्येक फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की एक झाड पुरेसं आहे. प्रत्यक्षात या झाडांत नर आणि मादी असा फरक असतो, फक्त तो वरून दिसत नाही. मादी झाडाच्या फुलात पुंकेसर असतात पण त्यांचा पराग कामाचा नसतो. नर झाडाचा पराग चांगला, पण त्याला फळ जवळजवळ धरतच नाही, धरलंच तर चार-दोन. पपईत जे उघड दिसतं तेच इथे झाकलेलं आहे. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर आणि निम्मी मादी निघतात, आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कुठलं काय हे कुणालाच सांगता येत नाही. नर्सरीवाला ‘हे मादीच आहे’ असं रोप हातात ठेवून सांगत असेल आणि ते कलम नसेल, तर तो तुम्हाला बनवतोय.

तुमचं एकुलतं एक झाड नर असो की मादी, दोन्ही बाबतींत फळ मिळणार नाही. नर असेल तर त्याच्याकडून अपेक्षाच नको. मादी असेल तर आसपास नर नाही. रंकाळ्याच्या परिसरात दुसऱ्या कुणाच्या परसात हे झाड असण्याची शक्यता फार कमी, आणि असलंच तरी मधमाश्यांच्या टप्प्यात पाहिजे.

नर की मादी हे मात्र आता ओळखता येईल. उमललेलं ताजं फूल घ्या, काळ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून पुंकेसर मोजा. फूल बारीक आहे, शर्टाच्या बटणाहूनही लहान, त्यामुळे सुईने एकेक बाजूला करत मोजावं लागतं. पुंकेसर पन्नासच्या आसपास निघाले तर मादी, शंभराच्या आसपास निघाले तर नर. एका फुलावर जाऊ नका, वेगवेगळ्या फांद्यांवरची पाच-सहा फुलं बघा. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याला हे काम द्या, मुलं आपल्यापेक्षा चिकाटीने मोजतात.

मादी निघाली तर तिच्या शेजारी आणखी रोपं लावणं एवढाच उपाय. लावायचीच तर एक लावू नका. एकाच्या बाबतीत ते नर निघेल की मादी हा निम्मा-निम्मा जुगार आहे. तीन लावलीत तर त्यात एकही नर नसण्याची शक्यता आठात एक इतकी खाली येते. पण परसात चार ऑलस्पाइस म्हणजे जागेचा प्रश्न आला. हे झाड सहज पंचवीस-तीस फूट होतं, आणि दोन झाडांत सहा मीटर अंतर हवं. शहरातल्या परसात ते बसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे नर झाडाची डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली काडी, आणून तुमच्याच झाडाच्या एका फांदीवर डोळा भरायचा. सरावलेल्या हाताला ते जमतं, पण आधी नर झाड सापडलं पाहिजे. ऑलस्पाइसची छाट कलमं मुळं धरायला फार नखरे करतात. गुटी, भेट कलम आणि डोळा भरणं यांत यश येतं, तेही आंब्या-पेरूइतकं हमखास नाही. म्हणूनच बाजारातली बहुतेक रोपं बियांची असतात.

नर आणि मादी दोन्ही असूनही फळ कमी धरतं, हेही ऐकून ठेवा. जमैकात याला मार्च ते जून या काळात फुलं येतात आणि तीन-चार महिन्यांनी फळ तोडणीला येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात फुललं की नेमका तेव्हाच वळीव कोसळतो आणि सगळा मोहर झोडपून काढतो. त्यातून जे वाचतं ते जून-जुलैत, म्हणजे कोल्हापूरच्या ऐन झडीत तयार होतं. या मसाल्याची तर सगळी किमया वाळवण्यात आहे. फळ पूर्ण वाढलेलं पण हिरवंच असताना तोडायचं असतं. पिकून जांभळं-काळं झालं की ते गोड आणि चिकट होतं आणि वासाचा मोठा भाग जातो. तोडलेले घोस काही दिवस ढिगात किंवा पोत्यात दडपून ठेवतात, मग पाच ते दहा दिवस उन्हात पसरतात. तांबूस तपकिरी झालं आणि कानाशी हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तयार. शंभर किलो हिरव्या फळाचं पंचावन्न-साठ किलो वाळलेलं हातात येतं. जुलैत आठवडाभर सलग ऊन आपल्याकडे कुठून आणणार? घरगुती प्रमाणात ड्रायर किंवा चुलीवर टांगलेलं शिंकाळं चालेल, पण ऊन ते ऊन.

एवढं ऐकून झाड तोडायला निघू नका. माझं मत स्पष्ट आहे: कोल्हापुरात ऑलस्पाइस पानांसाठी लावावं आणि फळ आलं तर वरची कमाई समजावी. पानाला नर-मादीशी देणंघेणं नाही, वळवाशी नाही, आणि झाड सदाहरित असल्यामुळे बाराही महिने ताजं पान हाताशी असतं. फळात जे मुख्य सुगंधी द्रव्य आहे, युजेनॉल, तेच पानातही असतं, आणि तेच लवंगेतही. जमैकात पानांपासून तेल काढायचा धंदाच आहे.

तुमची बिर्याणी कडू का झाली याचं उत्तरही यातच आहे. माझा अंदाज असा की तुम्ही ही पानं तमालपत्राच्या हिशेबाने घातलीत, पाच-सहा, आणि वर नेहमीच्या लवंगाही टाकल्यात. तमालपत्र वेगळ्याच कुळातलं, दालचिनीच्या नात्यातलं, आणि बाजारात मिळतं तेव्हा वाळून मवाळ झालेलं असतं. ऑलस्पाइसचं ताजं पान त्याच्या कितीतरी पट तिखट वासाचं. त्यात लवंग पडली की युजेनॉलवर युजेनॉल, मग जीभ बधिर होते आणि पाठीमागून कडवटपणा येतो. दुसरं कारण असं की पान फाटलं किंवा वाटलं गेलं तर त्यातला तुरटपणा उतरतो. पेरूचं पान चावून बघा, तसाच.

म्हणून नियम साधा ठेवा. किलोभर मटणाला किंवा तेवढ्याच तांदळाला दोन पानं, जास्तीत जास्त तीन. लवंग त्या दिवशी बंद, दालचिनी निम्मी. पान जुनं, गर्द हिरवं, पूर्ण वाढलेलं घ्या. उजेडासमोर धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात, ते ज्यात दाट तेच घ्या. कोवळी तांबूस पालवी तोडू नका, तिच्यात दम नसतो आणि झाडाचंही नुकसान होतं. पान अख्खं घाला, धुऊन, मधोमध एकदा दुमडून. कडकडीत तेलात फोडणीला टाकू नका, ते करपतं. पाण्यात किंवा रश्शात घाला आणि वाढण्याआधी काढून टाका. वाळवून बरणीत साठवायच्या फंदात पडू नका, वाळलं की अर्धा वास उडतो. आणि झाड दारात असताना ते हवंय कशाला?

कोल्हापुरी जेवणात हे पान कुठे बसतं, यावर आमच्या घरात बरेच वाद झाले आहेत. माझा कौल पांढऱ्या रश्शाला. मटण शिजवताना अळणीत, म्हणजे मसाला न घातलेल्या मटणाच्या पाण्यात, दोन पानं सोडायची, मटण शिजलं की काढायची, आणि त्याच अळणी पाण्यावर नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण घालून पांढरा करायचा. पानाचा रंग रश्शाला लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. वाळलेल्या फळांची पूड घातली तर रस्सा मळकट दिसतो, आणि पांढरा रस्सा पांढरा नसेल तर कोल्हापुरात तो वाढू नये. फळंच वापरायची असतील तर चार-पाच अख्खी फळं फडक्यात बांधून अळणीत सोडा.

तांबड्याला मात्र हे पान वाया जातं. तिथे कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं, तीळ यांचा जोर इतका असतो की दोन पानांचा आवाज ऐकू येत नाही. आणि उन्हाळ्यात संकेश्वरी-ब्याडगी निवडून वर्षाची चटणी कांडपाला नेता, त्यात ऑलस्पाइस घालू नका, फळ असलं तरी. वर्षभराचा साठा एका नव्या वासावर लावायचा म्हणजे धाडस आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्या घासाला कळतं. हवं तर वाटीभर चटणी वेगळी काढून तिच्यात चिमूटभर पूड मिसळून बघा.

शाकाहारी घरांसाठी: मसालेभात, राजमा, टोमॅटोचं सार. आणि एक मला स्वतःला फार आवडणारं, लाल भोपळ्याचे घारगे. त्यात जायफळाऐवजी ऑलस्पाइसची पूड, अर्धा किलो भोपळ्याला पाव चमचा. गूळ आणि भोपळा या जोडीला हा वास अगदी चिकटून बसतो. चहातही एक पान चालतं, आल्याबरोबर, पण पातेल्यात एकच, आणि दूध घालण्याआधी काढायचं.

जगात याचा वापर कुठे होतो ते बघितलं तर आपल्याला आणखी सुचतं. जमैकात जर्क नावाचा प्रकार आहे. मांसाला ऑलस्पाइस, तिथली जळजळीत स्कॉच बॉनेट मिरची आणि थाइम नावाचा सुवासिक पाला चोळून ठेवतात आणि याच झाडाच्या लाकडाच्या धगीवर, धुरात भाजतात. अरब देशांत खिम्याच्या पदार्थांना हाच वास असतो. स्वीडनमध्ये मुरवलेल्या हेरिंग माशात अख्खी फळं घालतात. आपला खिमा यावर छान होतो, हे मी खात्रीने सांगते: अर्धा किलोला पाव चमचा पूड, शेवटच्या पाच मिनिटांत.

फळं विकत आणायला लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलात तर एक सावधगिरी. बऱ्याच दुकानांत ऑलस्पाइस मागितलं की कबाबचिनी, म्हणजे कंकोळ, पुढे करतात. काही जण तर दोन्ही एकच असं ठामपणे सांगतात. एकच नाहीत. कंकोळाला मागे बारीक शेपटीसारखा देठ चिकटलेला असतो. ऑलस्पाइसला देठ नसतो, डोक्यावर निदलांचा छोटासा मुकुट उरलेला असतो आणि फोडलं तर आत दोन बिया निघतात. कंकोळ चावलं की कापरासारखा गारवा येतो, ऑलस्पाइस चावलं की लवंग.

आता पन्हाळ्याच्या पायथ्याची जमीन. सहा मीटरवर एक म्हणजे पन्नास झाडांना अठरा गुंठे लागतील. बियांची रोपं लावलीत तर सात वर्षांनी त्यातली पंचवीसच्या आसपास नर निघतील. पाच-सहा नर ठेवून बाकीचे काढायचे किंवा त्यांच्यावर मादीचे डोळे भरायचे. जाणत्या बागेत दहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्यानंतर वळीव, झडी, वाळवण हे सगळं आहेच, आणि भरघोस पीक पंधराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं. वर माल घेऊन बाजारात गेलात की व्यापारी आधी विचारणार, हे काय आहे? तेव्हा उत्पन्नासाठी पन्नास झाडं लावू नका. अठरा गुंठ्यांत काजू लावा, आंबा लावा, ज्याला गिऱ्हाईक आहे ते लावा, आणि बांधाच्या कडेने पाच ऑलस्पाइस लावा. पाचात किमान एक नर आणि किमान एक मादी निघण्याची शक्यता सोळात पंधरा आहे, आणि पानं तर पाचांनाही येतील.

जमिनीचं म्हणाल तर उताराची, तांबडी, मुरमाड, पाणी न थांबणारी असेल तर उत्तम. जमैकातही हे झाड चुनखडीच्या, निचऱ्याच्या टेकड्यांवर वाढतं. खाली पंचगंगेकाठची काळी कसदार जमीन उसाला सोनं आहे, पण ऑलस्पाइसला नको. पावसाळ्यात मुळाशी आठवडाभर पाणी साचलं की झाड आधी पिवळं पडतं आणि मग उभं वाळतं. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत तर लावूच नका. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात चांगलं कुजलेलं दहा किलो शेणखत, जूनचा पहिला पाऊस स्थिरावला की लागण. रोप नऊ-दहा महिन्यांचं, फूटभर उंच असलं की पुरे. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली मोठी रोपं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

पहिली दोन-तीन वर्षं फेब्रुवारी ते मे हा काळ त्याचा वैरी. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पन्हाळ्याला त्याहून जास्त, पण तो चार महिन्यांत उरकतो आणि या झाडाला ओलावा वर्षभर विभागून हवा असतो. पश्चिमेच्या बाजूने सावलीची जाळी किंवा तुरीची एक ओळ, आठवड्यातून दोनदा ठिबकने पाणी, आणि बुडाशी उसाच्या पाचटाचा जाड थर. पाचट आपल्याकडे फुकट मिळतं आणि लोक ते पेटवतात, हे बघवत नाही. फक्त थर खोडाला टेकवू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी खोडावर चढते. पालवीवर कधी काजूवरचा ढेकण्या नावाचा किडा उतरतो, कोवळी टोकं काळी पडून सुकतात. तेवढीच टोकं कापून जाळून टाका. फुलांच्या दिवसांत कुठलंही कीटकनाशक मारू नका, मधमाश्या मेल्या तर नर-मादीची सगळी जुळवाजुळव फुकट जाईल.

रंकाळ्याजवळचं झाड आहे तसं राहू द्या, फक्त उंची आवरा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, शेंडा दहा फुटांवर छाटा आणि बाजूच्या फांद्या वाढू द्या, म्हणजे पान हाताला येईल. छाटलेल्या जाड फांद्या फेकू नका. महिनाभर सावलीत सुकवा आणि पुढच्या वेळी चुलीवर किंवा शेगडीवर मटण-कोंबडी भाजाल तेव्हा कोळशावर त्यांचे दोन-तीन तुकडे टाका. धूर फार होऊ देऊ नका, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं पुरेत.